प्युरिफायरची रिंग बदलून पण ओव्हरफ्लो परत परत येतोय? आधी ऑपरेटिंग वॉटर बघा

हे मुख्यतः नवीन चार साब झालेल्या मुलांसाठी लिहितोय, म्हणजे फोर्थ इंजिनिअरसाठी, कारण बहुतेक जहाजांवर प्युरिफायर (इंधन जोरात फिरवून त्यातलं पाणी आणि गाळ वेगळा करणारं मशीन) त्यांच्याकडेच असतात आणि हा प्रॉब्लेम एकदा मागे लागला की झोप, जेवण, घरी फोन सगळं त्याच्या वेळेवर चालतं. मी स्वतः तीन आठवडे यात घालवले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जहाज पॅनामॅक्स बल्क कॅरिअर, दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेहून कोळसा घेऊन भारताच्या पश्चिम किनाऱ्याला यायचं. इंधन ०.५० टक्के सल्फरवालं, म्हणजे १ जानेवारी २०२० पासून स्क्रबर (धुरातला सल्फर धुऊन काढणारं यंत्र) नसलेली जहाजं जाळतात तेच, पण बोलताना आम्ही अजून एचएफओ (हेवी फ्युएल ऑइल) प्युरिफायरच म्हणतो. दोन प्युरिफायर, नंबर एक एकदम शहाणा, नंबर दोनला मात्र दर काही दिवसांनी ऑइल आउटलेट प्रेशर लो, फीड ट्रिप (तेल येणं आपोआप बंद), अलार्म, खाली जाऊन बघावं तर स्लज (गाळ) टँकची लेव्हल वर गेलेली. हँडओव्हर नोटमध्ये एकच ओळ होती, नंबर दोन ओव्हरफ्लो, मेन सील रिंग बदलली, ट्रायल ओके. मी मेंटेनन्सची जुनी हिस्टरी काढली तर मागच्या सहा महिन्यांत पाच वेळा रिंग बदललेली, पाचही वेळा ट्रायल ओके. माझ्या आधीचे दोघंही चांगले इंजिनिअर होते, नोंदी नीट होत्या त्यांच्या, पण साइन ऑफच्या (जहाज सोडायच्या) दिवशी बंदरात दोन-तीन तास मिळतात त्यात बंकर (इंधन भरणं), सर्व्हे, स्टोअर्स आणि सगळ्या मशिनरीचा हँडओव्हर, कोण बसून सांगणार की कधी येतो अलार्म, कसा येतो.

मग मी पण तेच केलं. सहावी रिंग बसवली. चार दिवस मस्त चालला आणि पाचव्या दिवशी परत.

आता मुद्द्यावर येतो. ओव्हरफ्लो हा शब्द सगळेच सरसकट वापरतात, पण तेल दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतं आणि दोन्हींची कारणं पूर्ण वेगळी आहेत. एक वाट वॉटर आउटलेटची, म्हणजे बाऊलमधलं (आत फिरणारं भांडं) वॉटर सील, तेलाला अडवणारं पाण्याचं कडं, तुटलं आणि तेल पाण्याच्या वाटेने बाहेर पडलं. दुसरी वाट स्लज पोर्टची, म्हणजे बाऊलच नीट बंद नाहीये किंवा चालू असताना उघडतोय. अलार्म दोन्हीला तोच येतो. म्हणून बाऊल खोलायच्या आधी हे ठरवा. वॉटर आउटलेटच्या साइट ग्लासमध्ये काळं तेल दिसतंय का बघा, आणि अॅमीटर बघा. स्लज पोर्टमधून तेल जात असेल तर बाऊलला सतत नवीन तेल वेगात आणायला लागतं, त्यामुळे करंट नेहमीपेक्षा वर राहतो. वॉटर साइडचा पाइप आणि स्लज साइडचा पाइप दोन्हींवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारा, जिकडून ९८ डिग्रीचं तेल जातंय तो पाइप लगेच सांगतो. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि यामुळे दोन तासांचं खोलणं वाचतं, कधी कधी पूर्ण रात्र वाचते.

वॉटर आउटलेटमधून जात असेल तर रिंगचा काही संबंध नाही, रिंगला हात लावू नका. तिथे बघायचं फीडचं टेंपरेचर पडलं का, हीटरची स्टीम कंट्रोल व्हॉल्व्ह हंट करतीये (सारखी उघडझाप करतीये) का, फीड अचानक वाढवला का, ऑइल आउटलेटचं बॅक प्रेशर कोणी जास्त केलं का, सील वॉटर पूर्ण घातलं होतं का, आणि ग्रॅव्हिटी डिस्क (पाण्याच्या वाटेवरची भोकाची चकती) कुठली बसवलीये. डिस्कबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो म्हणून सांगतो, डिस्कचं भोक जितकं मोठं तितका तेल-पाण्याचा इंटरफेस बाहेरच्या बाजूला सरकतो, फार बाहेर गेला की सील तुटतं. जड तेलाला लहान भोकाची डिस्क, हलक्या तेलाला मोठी. नवीन इंधनाची डेन्सिटी जुन्या ९९१ (किलो प्रति घनमीटर) वाल्या तेलापेक्षा बऱ्याचदा खूप कमी असते, तरी अनेक जहाजांवर जुनीच लहान डिस्क बसलेली असते, ती ओव्हरफ्लो करत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, पण इंटरफेस आत सरकलेला असतो आणि सेपरेशन खराब होतं, पाणी स्वच्छ तेलात जातं. उलट कोणी हलक्या बंकरला मोठी डिस्क घातली आणि पुढचं बंकर जड आलं की पहिल्याच दिवशी सील तुटणार. बंकरचा अॅनालिसिस रिपोर्ट आला की मॅन्युअलमधला नोमोग्राम (डिस्क निवडायचा आलेख) उघडून डिस्क तपासायची, दर वेळेला. टेंपरेचरचं पण तसंच, सगळ्या तेलाला डोळे झाकून ९८ ठेवायचं नसतं, कमी व्हिस्कॉसिटीच्या तेलाला रिपोर्टप्रमाणे कमी लागतं.

आमच्याकडे तेल स्लज पोर्टमधून जात होतं. अॅमीटर वर, वॉटर साइडचा ग्लास स्वच्छ. म्हणजे आधीच्या लोकांनी रिंग बदलली ती दिशा बरोबरच होती, फक्त तिथेच थांबले.

बाऊल बंद कसा राहतो ते डोळ्यांसमोर आणा. आत खाली स्लायडिंग बाऊल बॉटम असतो, त्याच्या खालच्या चेंबरमध्ये क्लोजिंग वॉटर असतं, बाऊल फिरत असल्यामुळे त्या पाण्यावर जबरदस्त दाब तयार होतो आणि तो बॉटमला वर, हूडमधल्या मेन सील रिंगवर दाबून धरतो. म्हणजे बाऊल पाण्याने बंद राहतो, कुठल्या बोल्टने किंवा क्लॅम्पने नाही. डिस्लज करताना, म्हणजे साठलेला गाळ बाहेर टाकताना, ओपनिंग वॉटर येतं (ही दोन्ही पाणी मिळून ऑपरेटिंग वॉटर), ऑपरेटिंग स्लाइड खाली सरकते, क्लोजिंग चेंबरचे प्लग उघडतात, पाणी निघून जातं, बॉटम खाली पडतो, स्लज बाहेर. मग ओपनिंग वॉटर एका छोट्या नोझलमधून निघून जातं, स्प्रिंग स्लाइडला परत वर ढकलतात, प्लग बंद होतात, क्लोजिंग वॉटर परत भरतं, बाऊल बंद. चालू असताना प्लगमधून, ओ रिंगमधून थोडं थोडं पाणी झिरपत असतंच, ते भरून काढायला लो प्रेशरचं मेकअप पाणी सतत हवं. या जुन्या टाइपच्या मशीनला ते मेकअप पाणी वरच्या एका छोट्या हेडर टँकमधून उंचीच्या दाबाने यायला पाहिजे, आणि ओपनिंगचं पाणी हायड्रोफोरच्या (जहाजभर दाबाने पाणी पुरवणारा टँक आणि पंप) हाय प्रेशर लाइनमधून. तुमच्या जहाजावर नवीन टाइप असेल तर अरेंजमेंट वेगळी असेल, सोलेनॉइड व्हॉल्व्ह ब्लॉकमधूनच सगळं येतं, पण तत्त्व तेच.

सातवी रिंग मागवायच्या ऐवजी मी एक वही केली. प्रत्येक अलार्मला तारीख, वेळ, फीड टेंपरेचर, अॅम्पिअर, शेवटचा डिस्लज कधी झाला, बंदरात की समुद्रात, आणि मागच्या सहा महिन्यांचे अलार्म ईसीआरच्या (इंजिन कंट्रोल रूम) अलार्म लॉगमधून काढून त्यात उतरवले. तीन दिवस काही दिसलं नाही. मग सेकंड साबनी (सेकंड इंजिनिअर) सहज वही चाळली आणि म्हणाले, अरे हे सगळे संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या मधले आहेत, आणि रविवारचे सगळे सकाळी दहा-अकराचे. मी परत बघितलं तर एकवीस अलार्मपैकी सतरा तसेच. पाच वाजता डे वर्क संपतं आणि सगळा क्रू एकदम आंघोळीला जातो. रविवारी सकाळी वॉशिंग मशीन सगळी चालू असतात.

फिटर रत्नागिरीकडचे, तीस वर्षं समुद्रावर काढलेले, मी त्यांना काकाच म्हणायचो. त्यांना वही दाखवली तर ते काही न बोलता टॉर्च घेऊन प्युरिफायर रूमच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर गेले आणि तिथून हाक मारली. हेडर टँक कोरडा ठाक. फ्लोट व्हॉल्व्ह बंद अवस्थेत जाम झालेला, गंजून. खालचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद, आणि मेकअपची लाइन हायड्रोफोरच्या लाइनला एका नीडल व्हॉल्व्हमधून जोडलेली, पाइपवर रंगाचे दोन-तीन थर. म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी फ्लोट व्हॉल्व्ह जाम झाला तेव्हा रात्र निभावून न्यायला हे केलं असणार, नीडल व्हॉल्व्ह अंदाजाने थ्रॉटल केला असणार, आणि मग तेच कायमचं झालं. ड्रॉइंगमध्ये नाही, हँडओव्हरमध्ये नाही. नंबर एकचं मेकअप वेगळ्या शाखेवरून दुसऱ्या छोट्या टँकमधून होतं म्हणून तो बिचारा गुपचूप चालायचा.

काकांनी त्या लाइनवर टी टाकून प्रेशर गेज बसवला. दुपारी साडेचार बार. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मी समोर उभा होतो, काटा दीड बारपर्यंत खाली, पंप कट इन, झपकन वर, परत खाली, मिनिटा-मिनिटाला. हायड्रोफोर टँकमधली एअर कुशन गेलेली होती, टँक जवळजवळ पूर्ण पाण्याने भरलेला, त्यामुळे थोडं पाणी वापरलं तरी प्रेशर कोसळायचं. आणि आधीच थ्रॉटल केलेल्या, आतून स्केल धरलेल्या नीडल व्हॉल्व्हमधून दीड बारला मेकअप जवळजवळ बंदच व्हायचं.

मग रिंग बदलल्यावर चार दिवस का चालायचा? हेच मला सगळ्यात जास्त छळत होतं. बाऊल खोलला की आपण फक्त मेन रिंग बदलत नाही, सगळ्या ओ रिंग, प्लग पण किटमधले नवीन घालतो, नोझल साफ करतो. नवीन असताना चेंबरमधून झिरपणं कमी, त्यामुळे संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं मेकअप नाही आलं तरी चेंबरमधलं पाणी पुरतं. तेलाच्या उष्णतेने चार-पाच दिवसांत ओ रिंग थोड्या बसतात, कडक होतात, झिरपणं वाढतं, ते मशीन चांगलं असेल तर पूर्णपणे चालण्यासारखं असतं कारण मेकअप ते भरून काढतं, पण इथे मेकअपच नाही, मग चेंबरचा दाब कमी, बॉटम किंचित खाली, तेल स्लजमध्ये. म्हणजे रिंग बदलणं खरंच लागू पडायचं, म्हणूनच सहाही वेळा तेच होत राहिलं. मला यात कोणाचीच चूक म्हणायची नाहीये, रात्री दोनला कॅबिनमध्ये अलार्म वाजल्यावर माणूस जे काल चाललं तेच आज करतो.

आणि हो, याची उलटी बाजू पण लक्षात ठेवा, मेकअपचं प्रेशर गरजेपेक्षा जास्त झालं तरी या टाइपमध्ये पाणी ओपनिंग चेंबरकडे जाऊन बाऊल आपोआप उघडू शकतो. म्हणून नीडल व्हॉल्व्ह जास्त उघडून टाकणं हा उपाय नाही. मी एका रात्री ते पण करून बघितलं होतं आणि सकाळपर्यंत दोनदा ट्रिप झाला, तेव्हा कळलं नव्हतं का.

दुरुस्ती काय केली ते सांगतो. बडा साबना (चीफ इंजिनिअर) वही आणि गेजचे फोटो दाखवले, त्यांनी लगेच परवानगी दिली. फ्लोट व्हॉल्व्ह खोलला, सीट लॅप केली, स्पिंडल नवीन काकांनी लेथवर करून दिला. हेडर टँक आतून घासून साफ, त्यातून मूठभर गंज आणि पांढरं स्केल निघालं. नीडल व्हॉल्व्हचं जोडकाम काढून लाइन ब्लँक केली. हायड्रोफोरला पाण्याची लेव्हल खाली आणून हवा भरली. बाऊल शेवटचा एकदा खोलला, ऑपरेटिंग स्लाइडच्या नोझलमध्ये स्केल होतं, अर्ध्याहून जास्त बंद, तेही क्लोजिंग उशिरा होण्याचं कारण होतंच, कारण ओपनिंग वॉटर वेळेत निघून जात नव्हतं.

हे स्केल कुठून आलं याचा विचार केला तर उत्तर अँकरेजमध्ये सापडलं. मागच्या ट्रिपला जहाज पाच आठवडे नांगर टाकून उभं होतं, किनाऱ्याजवळ फ्रेश वॉटर जनरेटर चालवत नाहीत, म्हणून बार्जने किनाऱ्याचं पाणी घेतलेलं, ते जड पाणी गरम बाऊलमध्ये गेलं की क्षार मागे राहतात. जनरेटरचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड, त्यात स्केल होत नाही. आता किनाऱ्याचं पाणी घेतलं की ते वेगळ्या टँकमध्ये घरगुती वापराला, आणि ऑपरेटिंग वॉटरला जनरेटरचं, एवढं चीफनी स्टँडिंग ऑर्डरमध्येच लिहिलं.

बाऊल बसवताना काही गोष्टी, थकलेले असाल तर नक्की चुकतात म्हणून. लॉक रिंगचा आटा उलटा असतो, डावीकडे घट्ट होतो, मी एकदा पहाटे तीनला उलटा मारत बसलो होतो. हूड आणि बाऊल बॉडीवरच्या खुणा जुळल्या पाहिजेत, खूप पुढे जात असतील तर आटा झिजलाय, सांगून टाका. डिस्क स्टॅक (बाऊलमधल्या पातळ चकत्यांची चळत, ग्रॅव्हिटी डिस्क वेगळी) हाताने दाबून बघा, घट्ट करायच्या आधी खुणांमध्ये अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर वर एक डिस्क घाला, ढिला स्टॅक म्हणजे व्हायब्रेशन. नवीन नायलॉनची रिंग गरम पाण्यात काही मिनिटं ठेवली की खाचेत नीट बसते, हातोड्याने मारू नका. बॉटमची रिंग बसते ती कडा बोटाने चाचपून बघा, ओरखडा असेल तर कितीही रिंग बदला, गळणारच. स्टार्ट केल्यावर फुल स्पीडला यायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, वेळ वाढत असेल तर क्लचचे फ्रिक्शन पॅड झिजलेत किंवा तेलकट झालेत, आणि स्पीड कमी म्हणजे क्लोजिंग वॉटरचा दाब कमी, परत तोच ओव्हरफ्लो.

आणि बाऊल पूर्ण थांबल्याशिवाय फ्रेम हूडच्या एकाही बोल्टला हात लावायचा नाही. हजारो आरपीएमने फिरणारी जड वस्तू आहे ती, थांबायला वेळ घेते. ब्रेकर बंद, टॅग, फीड आणि हीटरची स्टीम बंद, मगच. सर्व्हिस टँकची लेव्हल खाली जात असते म्हणून ब्रिजकडून आणि वरून फोन येत असतात, मला कळतं ते प्रेशर, पण सोलासप्रमाणे (जहाज सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) एका सर्व्हिस टँकची क्षमता किमान आठ तासांच्या तेलाची असायला पाहिजे आणि दुसरा प्युरिफायर चालू असतो, वेळ आहे तुमच्याकडे. प्युरिफायर बायपास करून तेल सर्व्हिस टँकला टाकायचा विचार तर मनातही आणू नका. बंकरमध्ये आयएसओ ८२१७ प्रमाणे अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून ६० पीपीएमपर्यंत चालतात, इंजिनला मात्र १५ च्या आत हवेत, मधलं सगळं काम हा प्युरिफायरच करतो, नाहीतर लायनर आणि पिस्टन रिंग काही दिवसांत घासून निघतात.

रेस्टबद्दल पण लिहितो. एमएलसीप्रमाणे (जहाजावरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती पाहिजे. त्या तीन आठवड्यांत माझे तास बसत नव्हते आणि मी शीटवर ते बसल्यासारखे भरत होतो, हे चूक होतं. तास खरे भरले असते तर दुसऱ्या आठवड्यातच चीफना दिसलं असतं की एक मशीन एका माणसाला खातंय, आणि ही वही तेव्हाच झाली असती. शेवटी मी जेव्हा खरे तास भरले तेव्हा सेकंड साबनी स्वतः रात्रीची ड्युटी घेतली आणि मला झोपायला पाठवलं, दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही चाळली होती ती.

स्लजचा हिशेब पण या निमित्ताने बघा. ओव्हरफ्लोने स्लज टँकमध्ये गेलेलं चांगलं तेल ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये स्लज म्हणूनच दिसतं, आमचा आकडा महिनाभर नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होता आणि इन्सिनरेटर सगळा वेळ चालू. पोर्ट स्टेटवाल्याने (बंदरातल्या सरकारी तपासनीसाने) विचारलं तर कारण सांगता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक ओव्हरफ्लोच्या दिवशी इंजिन लॉगमध्ये स्पष्ट नोंद करा, लपवू नका.

दुरुस्तीनंतर मी अकरा आठवडे त्या जहाजावर होतो. नंबर दोनला या काळात एकच अलार्म आला, तोही वॉटर आउटलेटमधून, हीटरचा स्टीम ट्रॅप गेल्यामुळे टेंपरेचर पडलं होतं. हँडओव्हर नोटला मी वहीची झेरॉक्स, हेडर टँकचा फोटो आणि हाताने काढलेलं लाइनचं स्केच जोडलं, आणि माझ्या जागी आलेल्या मुलाला गँगवेवरून थेट वरच्या प्लॅटफॉर्मवर नेऊन फ्लोट व्हॉल्व्ह हाताने खालीवर करून दाखवला.